रेडिएटरमागचा सांधा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. बावन्न वर्षांचा झालो, आता सांगतो. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. तार तुटली की दिवा विझतो, एवढंच मला ठाऊक...

लष्करात मोटारींचं काम शिकून आलो होतो, आणि लढाईच्या दिवसांत रहिमतपुरात माझं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं. खंडेनवमीला सकाळीच हत्यारं पुजली होती. पान्हे, पक्कड, कथलाचा डाख देऊन वायरी सांधायचं लोखंड — सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही वडिलांपासूनची शिस्त.

चारच्या सुमारास दत्तू आला. राहायला रहिमतपुरातच, पण पलूसच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याचा ड्रायव्हर.

"मिस्त्री, दिवं मधनंच जात्यात. मालक औंधला देवीला गेल्यात, त्यास्नी घिऊन पलूस गाठायचंय."

"आज हत्यार उचलत न्हाई गड्या."

"मग मी काय त्वांडानं उजीड पाडू?"

मी हसलो. रेडिएटरमागं तार तुटली होती. दोन्ही टोकं बोटांनीच पिळली — मी डावखुरा, माझा पीळ उलटा पडतो — आणि वर चिंधी गुंडाळली. दिवे लागले.

"पलूसपत्तोर जातंय नव्हं?"

"जातंय. परवा ये, डाख देतो."

औंधच्या अलीकडच्या वळणावर, अंधारून येताना, गाडी ओढ्यात गेली. दत्तू जागच्या जागी गेला.

मालकानं गाडी ओढून माझ्याकडेच आणली. पीळ सुटला होता. मी तो तुकडा कापला, भट्टीत टाकला आणि मालकाला सांगितलं, "वायरिंग ठीक होतं." मग कारण एकच उरलं — दारू. मालकानं ते गावभर केलं.

तेराव्यानंतर दत्तूची बायको पार्वती गॅरेजात आली.

"आवं मिस्त्री, माजा नवरा माळकरी हुता. लोकं थुकत्यात माज्या दारावर. दिवं लागत हुतं का न्हाई, माज्याकडं बघून सांगा."

मी पक्कड पुसत राहिलो. "लागत होते, बाई."

तिनं पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, "देवाम्होरंबी ह्योच जबाब देशील का रं?"

त्या दिवसापासून ती गाडी मला दाद देईना. नव्या गुंडाळीतली अखंड वायर टाकली, दिवे नाहीत. टेस्टचा बल्ब घेतला, त्याचं एक टोक चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला लावलं, दुसऱ्या टोकाची सुई वायरीत पुढं पुढं टोचत गेलो. बल्ब पेटतोय, पेटतोय... रेडिएटरमागं विझला. त्याच जागी. वायर बदलली, पुन्हा तिथंच. तिसरी टाकली, तेच.

"मिस्त्री, लष्करात काय घोडी धूत हुता का?" मालक चारचौघांत म्हणाला.

त्यानं सांगलीहून दुसरा मिस्त्री आणला. त्यानं काहीही न बदलता बटण ओढलं आणि भर दुपारी दोन्ही दिवे लख्ख लागले. मी वाकून बघायला पुढं झालो तर विझले. मागं सरलो, लागले.

"गाडीचा तुमच्यावर डूख हाय जनू!" तो हसला. मला हसू आलं नाही.

तो जेवायला गेल्यावर मी ती वायर त्या जागी चिरली. सुईची टोचणी सोडली तर वरचं सुती विणकाम अखंड होतं, रबरही अखंड. आत मात्र तांबं तुटलेलं, आणि दोन्ही टोकं बोटांनी पिळलेली. पीळ उलटा होता.

तो तुकडा मी खिशात घातला आणि त्याच आठवड्यात गॅरेज दुसऱ्याला दिलं.

कारखान्यातच तार तुटली असेल, कुणी डावखुऱ्यानं जोडली असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तीनही वायरी त्याच जागी? आणि त्या मिस्त्रीच्या हातात दिवे कसे लागले?

पार्वती अजून रहिमतपुरातच असते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे हे छापून आलं तरी तिच्यापर्यंत जाणार नाही, हे मला लिहिताना माहीत होतं. तिच्या दारात उभं राहून, चार माणसांसमोर, दत्तू प्यायलेला नव्हता आणि तो सांधा माझा होता, हे म्हणायचं राहिलं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.