दादांच्या हातचा चार्जर

पाटोद्यात मंडप घालायचा असला की लोक बद्रीनाथकडे जातात आणि साऊंड लावायचा असला तरी बद्रीनाथकडेच जातात. बोलायला माणूस कमी पडत असेल तर तोही तिथंच मिळतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लग्न असो, कीर्तन असो, प्रचारसभा असो, खांब तेच आणि भोंगे तेच. कापड तेवढं बदलतं. निवडणुकीच्या दिवसांत सकाळी एका पक्षाचं कापड चढतं, संध्याकाळी दुसऱ्याचं. खांबांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. बद्रीनाथनंही नाही.

त्याचं सगळं विजेचं ज्ञान एका वाक्यात मावतं: "बसतंय ना? मग चालतंय." तीन पायांची पिन दोन भोकांच्या बोर्डात जात नसेल तर तो पिनच कापून टाकतो, वायरींची टोकं सोलून भोकात घालतो आणि वरून काडीपेटीच्या काड्या ठोकतो. चालतं. कुणाला झटका बसलाच तर तो कौतुकानं सांगतो, "करंट लई भारी हाय आज." याच न्यायानं तो स्वतःही बऱ्याच पक्षांत बसला आणि चालला. सध्या तो दादांकडे बसलेला होता. पुढच्या पंचायत समितीला दादा आपल्याला तिकीट देणार, असं त्याला वाटत होतं. दादांनी तसं कधी म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं, आणि पुढाऱ्याकडून माणसाला याहून जास्त काय मिळतं?

दादांच्या वाढदिवसाच्या पत्रिकेत मोठ्या अक्षरात छापलं होतं: बारावीच्या गुणवंतांना लॅपटॉप वाटप. गुणवंत तिघं होते. कार्यक्रमाच्या सकाळी लॅपटॉप आला तो एकच.

"बद्री, आता कसं रे?" दादा म्हणाले. "दोघांचे आईबाप नाराज होतील. घरं मोठी हायत त्यांची, मतं लई हायत."

बद्रीनाथनं खोकं उघडून आत पाहिलं. लॅपटॉप होता, चार्जर होता, बॅग होती. वस्तू तीन, गुणवंत तीन.

"दादा, बसतंय," तो म्हणाला.

मग सोनेरी कागदाची तीन पुडकी झाली. पहिल्या नंबरला लॅपटॉप, दुसऱ्याला केबलसकट चार्जर, तिसऱ्याला बॅग. पहिला नंबर बद्रीनाथच्याच मुलीचा, ऋतुजाचा होता. तो तिनं स्वतः काढला होता. बापाचा त्यात हात असता तर ती तिसरी आली असती. दुसरी आली होती प्रियदर्शनी, आष्टीच्या वाटेवरच्या एका गावातली. तिला स्टेजवर बोलावताना टाळ्या जरा कमी पडल्या, तसा बद्रीनाथनं माईक ओढून घेतला.

"मायबाप हो, चार्जर म्हणजे काय? चार्जर म्हणजे लॅपटॉपचा आत्मा. देह आज हाय, उद्या न्हाई. आत्म्याला मरण न्हाई. म्हणून ह्या बक्षिसाला कुणी कमी लेखू नका. हे दादांच्या हातचं हाय."

टाळ्या पडल्या. प्रियदर्शनीच्या आजीनं, रतनबाईनं, पदरानं डोळे टिपले.

"अप्पा," ऋतुजा कानाशी येऊन म्हणाली, "तो चार्जर ह्याचाच हाय. मग हा कशावर चालायचा?"

"गप. फोटो निघालाय."

ऋतुजाचं त्या लॅपटॉपवर फार अवलंबून होतं. पुण्यातल्या एका कॉलेजची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. पास झाली तर फी माफ आणि राहायला वसतिगृह. नाही झाली तर पाटोदा, आणि मामांनी आणलेलं एक स्थळ. स्थळाकडचे लोक चांगले होते आणि वाट पाहत होते. परीक्षा घरूनच द्यायची होती, पण ती मोबाईलवर होत नव्हती, लॅपटॉपच लागत होता. परीक्षाभर कॅमेरा चालू. खोलीत दुसरं माणूस नको, बाहेरून आवाज नको. आवाज आला तर एकदा इशारा, पुन्हा आला तर पेपर बंद.

लॅपटॉपमध्ये कंपनीनं भरून दिलेली थोडी बॅटरी होती, ती दोन दिवसांत उतरत आली. ऋतुजानं चार्जरचा विषय काढला तेव्हा बद्रीनाथनं आपल्या मोबाईलचा चार्जर आणला आणि त्याचं टोक लॅपटॉपच्या बाजूच्या भोकात घातलं. ते अगदी अलगद आत गेलं. पडद्यावर विजेचं चिन्हही उमटलं.

"बघ. बसलं. आत्म्याचं एवढं काय घेऊन बसली?"

सकाळी पाहिलं तर आकडा रात्री होता तिथंच होता.

"अप्पा, ह्याला पासष्ट वॅट लागतात. ह्याच्या पाठीवरच लिहिलंय. मोबाईलचा अठराचा हाय."

"मला वॅट शिकवती? हजार वॅटचे भोंगे लावतो मी."

यात बद्रीनाथची एकट्याची चूक नाही. हल्ली मोबाईलची, कानात घालून गाणी ऐकायच्या गोळ्यांची आणि लॅपटॉपची, सगळ्यांची तोंडं एकसारखी केली आहेत. पोटं केलेली नाहीत. लॅपटॉपच्या पाठीवर त्याची भूक लिहिलेली असते, चार्जरवर त्याची ताकद लिहिलेली असते, आणि मधल्या केबलला तेवढं वाहून आणता यावं लागतं. तिन्हीचा मेळ बसला तर काम होतं. पण हे सगळं इतक्या बारीक अक्षरात लिहितात की वाचायला खाली वाकावं लागतं, आणि बद्रीनाथ दादांशिवाय कुणापुढे वाकत नसे.

ऋतुजा म्हणाली, बीडला जाऊन नीट बघून आणते. "कावून? पाटोद्यात काय मिळत न्हाई?" असं म्हणून तो स्वतःच बाजारात गेला. परीक्षा परवावर आली होती.

मोबाईलच्या दुकानात त्यानं बोअरच्या मोटरची वायर घ्यावी तशी केबल निवडली, म्हणजे सगळ्यांत जाड. चार्जर हातात तोलून घेतला, म्हणजे सगळ्यांत जड.

"लॅपटॉप कोणता हाय?" दुकानदारानं विचारलं.

"काळा."

दुकानदारालाही मग जास्त खोलात जायचं कारण उरलं नाही. चार्जरवर पासष्ट लिहिलेलं होतं, आणि लिहायला काही लागत नाही.

रात्री घरी वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चार्जर लावला तेव्हा लॅपटॉपचा दिवा लागला, विझला, परत लागला, परत विझला.

"लाजतंय," बद्रीनाथ म्हणाला. "नवीन हाय."

थोड्या वेळानं चार्जर तव्यासारखा तापला आणि घरात वास सुटला. बायकोनं, वनमालानं, तो चिमट्यानं उचलून अंगणात टाकला. पडताना तो फुटला. आत नखाएवढी पट्टी आणि अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा होता. वजन त्याचं होतं.

"आता आष्टीकडं जा," वनमाला म्हणाली, "आन् ज्याचा त्याला चार्जर मागून आन. पोरीची उद्या परीक्षा हाय."

"दिलेलं बक्षीस मागू? स्टेजवरून दिलंय मी. दादांच्या हातनं."

"मग दादांलाच मागायला लाव."

ते तर शक्यच नव्हतं. तीन बक्षिसं एका खोक्यात बसवली म्हणून दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. आता तीच उसवली म्हणून कसं सांगायचं? तिकीट अजून जाहीर व्हायचं होतं. पण वनमाला चिमटा हातात घेऊनच उभी होती. बद्रीनाथनं मोटारसायकल काढली.

रतनबाईच्या घरात टीव्हीशेजारी काचेचं शोकेस होतं. त्यात मधल्या फळीवर चार्जर ठेवलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं, केबलचं वेटोळं करून वर झेंडूचं फूल, मागे दादांच्या हातून बक्षीस घेतानाचा फोटो. गावातल्या बायका येऊन बघून गेल्या होत्या.

"या मंडपवाले," रतनबाई म्हणाली. "कसं काय येनं केलं?"

"न्हाई, सहज. बक्षीस नीट हाय का, बघावं म्हणलं. आमची पद्धत हाय तशी."

"नीट हाय. हात लावू देत न्हाई मी कुनाला."

"मावशी, तपासणीसाठी दोन दिवस न्यावं लागंल."

"आत्म्याची कसली तपासनी?"

बद्रीनाथ घोटभर पाणी प्यायला. आपलंच बोलणं आपल्याला इतक्या स्वस्तात परत मिळेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"तसं न्हाई. थोडा वापरला की चांगला राहतो."

"मग दादांला फोन लावा. त्यांनी सांगितलं की लगीच देते. दिलंय त्यांनी, मागावं पन त्यांनीच."

बद्रीनाथनं खिशातला फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला. रेंज नाही म्हणाला. रेंज भरपूर होती.

आतून प्रियदर्शनी बाहेर आली. "काका, ऋतुजाचं माझं बोलणं झालंय कालच. ती उद्या सकाळी लॅपटॉप घेऊन इथं येतीय. तिचा पेपर सकाळी हाय, माझा दुपारी. तीच परीक्षा मी पन भरलीय. माझ्याकडं लॅपटॉप न्हाई, तिच्याकडं चार्जर न्हाई." मग आजीकडे बघून म्हणाली, "चार्जर शोकेसातच राहील. आत बोर्ड हाय. केबल तेवढी बाहेर येईल."

"मग चालंल," रतनबाई म्हणाली.

बद्रीनाथला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला राग आला. एवढा मोठा प्रश्न त्याला न विचारता, माईक न लावता, दोन पोरींनी फोनवर मिटवला होता. "मला सांगायचं होतं की मग," तो म्हणाला.

"ऋतुजा म्हणली, अप्पांला सांगितलं तर ते मंडप घालतील."

दुसऱ्या दिवशी ऋतुजा शोकेससमोर बसली. चार्जर आत फुलाखाली, केबल काचेच्या दारातून बाहेर, लॅपटॉप स्टुलावर. आकडा झरझर वाढू लागला. त्याच केबलनं, त्याच चार्जरनं, काही न तापता, काही न लाजता. बद्रीनाथनं ते पाहिलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. खोलीचं दार लागलं. पेपर सुरू झाला.

गल्लीत शांतता ठेवायचं काम त्यानं आपणहून घेतलं. समोरच्या घराशी दोन माणसं ऊसतोडीच्या टोळीचं बोलत उभी होती. बद्रीनाथ उठला आणि अर्ध्या पाटोद्याला ऐकू जाणाऱ्या त्याच्या आवाजात म्हणाला, "मंडळी, शांतता राखावी. आत परीक्षा चालू हाय."

खिडकीतून लॅपटॉपवर लाल पट्टी दिसली. प्रियदर्शनी त्याच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "काका, पहिला इशारा तुमचा झाला. आता अजून एक आला की तिचा पेपर बंद."

त्यानंतर बद्रीनाथ बोलला नाही. शेळी ओरडू लागली तर तिच्या तोंडाशी पाला धरला. रतनबाई भांडी घासायला निघाली तर तिच्यापुढे हात जोडले. आवाज विकून पोट भरणारा हा माणूस गल्लीभर अनवाणी पायांनी हिंडून सगळ्यांना ओठावर बोट ठेवून दाखवत होता, आणि लोकांना वाटलं, याला काहीतरी झालंय.

तेवढ्यात वेशीकडून दादा आले. म्हणजे दादांचा आवाज आला. "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, वाढदिवसाला आपण जे प्रेम दिलं..." टेम्पो बद्रीनाथचाच होता, भोंगेही त्याचेच. आभार मानत तालुकाभर फिरवायला दादांनी भाड्यानं नेला होता. स्टेअरिंगवर दादांचा तानाजी. आवाज एवढा की वेशीजवळच्या घरांचे पत्रे थरथरत होते, कारण तो लावला बद्रीनाथनं होता आणि लावताना म्हणाला होता, आष्टीपर्यंत गेला पाहिजे.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला. रतनबाईचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर आवाज अजून पुसटच पोचत होता. बद्रीनाथ पळाला. पन्नाशीचा माणूस पळताना जसा दिसतो तसाच तो दिसत होता. त्यानं तानाजीला हात केला. तानाजीला वाटलं, स्वागताला आलाय. त्यानं आवाज आणखी वाढवला. मग बद्रीनाथ मागच्या फळीवर चढला, मशीनमागे हात घातला आणि हाताला लागलेली प्रत्येक वायर उपटली. दादा "आपल्या सेवेत सदैव" म्हणेपर्यंत आले होते, तिथंच थांबले.

तानाजी खाली उतरला. "कावून बे? दादांचा आवाज बंद केला?"

"मशीन तापलं," बद्रीनाथ पुटपुटला.

"आत्ता तर लावलं."

"तरी तापलं."

"मोठ्यानं बोल की. दादांच्या नावाचा टेम्पो अडवतो, आन् वर कुजबुजतो?" तानाजीनं तिथूनच फोन लावला आणि बद्रीनाथच्या कानाला दिला.

"काय रे बद्री, काय झालं तिथं?" दादांनी विचारलं.

बद्रीनाथनं खिडकीकडे पाहिलं. तिथं उभ्या प्रियदर्शनीनं हातानंच खूण केली, लाल पट्टी नाही. ऋतुजाची मान वाकलेली होती.

"दादा, नंतर सांगतो."

"ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोल."

बद्रीनाथनं फोन कट केला आणि तानाजीच्या हातात ठेवला. तानाजी फोनकडे बघत राहिला, कारण दादांचा फोन या बाजूनं कट झालेला त्यानं कधी पाहिला नव्हता. मग त्यानं एक शिवी दिली, पण बद्रीनाथचं बोट ओठावर बघून तीही हळूच दिली. दोघांनी टेम्पो चालू न करता ढकलत वेशीबाहेर नेला.

दार उघडलं तेव्हा ऋतुजाचा चेहरा थकलेला होता, पण उतरलेला नव्हता. पेपर पूर्ण झाला होता. तिनं खुर्ची प्रियदर्शनीला दिली आणि ओट्यावर येऊन बसली.

"अप्पा, भोंगा मधेच बंद पडला. काय झालं?"

"बिघडला."

"दादा चिडतील की. नीट करा ना."

"करू," बद्रीनाथ म्हणाला आणि आतलं दार हळूच ओढून घेतलं. "प्रियाचा पेपर सुटल्यावर."