न पाहिलेला किल्ला

पुण्याहून निघताना मी शेजाऱ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की नागपूरला जाऊन सीताबर्डीचा किल्ला पाहून येतो. शहराच्या मधोमध टेकडीवर असलेला हा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो. महाराष्ट्र दिन हा त्यातला एक. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेव्हा शहाणा नागपूरकर पडदे ओढून कूलरसमोर बसलेला असतो.

खरं तर किल्ला पाहायचा होता माझ्या थोरल्या बहिणीला. ताईचा जन्म नागपूरचा, संसार जवळच्याच खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत झाला आणि भाऊजी निवृत्त झाल्यापासून मुक्काम नागपुरातल्या नंदनवन भागात. पण किल्ला उघडा म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे आम्ही भाऊ तिच्याकडे जेवायला हजर. आम्हाला वाढण्यात तिचा किल्ला दरवर्षी राहून जायचा. यंदा तिने फोनवरच बजावलं होतं, "या वर्षी मी काही रांधणार नाही. मले किल्ला दाखवा."

धाकटा विजू नागपुरातच राहतो आणि रिकाम्या पोटी इतिहास कळत नाही असं त्याचं ठाम मत आहे. सकाळीच त्याने आम्हाला जवळच्या टपरीवर नेलं आणि तर्री पोहे मागवले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक, तेलाचा तवंग असलेला रस्सा. मी "थोडीच घाला" म्हणालो.

"पुन्यात राहून राहून हा पार फिका पडला वं ताई," विजू म्हणाला.

एवढं ऐकल्यावर मी आणखी तर्री मागितली. ती अर्धी पोह्यांवर आणि अर्धी माझ्या पँटवर पडली. घरी परत जाऊन भाऊजींची पँट चढवावी लागली. भाऊजींचा घेर माझ्या दीडपट असल्याने दिवसभर एक हात कमरेशीच होता. ऊन बघून त्यांनी स्वतः घरीच राहणं पसंत केलं आणि माझ्या खिशात एक कांदा घातला. ऊन लागू नये म्हणून इथे तो बाळगतात.

या सगळ्यात उशीर झाला. किल्ल्याखाली पोचलो तेव्हा रांग लांबलचक होती. ताईने दुपट्टा डोक्यातोंडाला गुंडाळला होता, फक्त डोळे दिसत होते, आणि ते वर टेकडीकडे लागलेले होते. फाटकाशी आमचा नंबर आला.

"ओरिजिनल आयडी दिखाइए," जवान म्हणाला.

ताईने पर्समधून आधार कार्ड काढलं. विजूचं कार्ड मोबाइलमध्ये होतं, ते चालेना. माझं पाकिटात होतं आणि पाकीट तर्रीच्या पँटमध्ये, नंदनवनात. मी खिशात हात घातला तर कांदा निघाला. जवानाने तो शांतपणे पाहिला आणि सांगितलं, की आत सोडणं थोड्या वेळात बंद होईल.

घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नव्हता. ताई भाजीबाजाराच्या पलीकडे कधी एकटी जात नाही. सदरच्या बाजारात साडी घ्यायची तरी तिला सोबत लागते. तिने कार्ड पर्समध्ये ठेवलं.

"राहू द्या. मी एकटी जाऊन काय करू? चला घरी, पिठलं टाकते."

मला फार वाईट वाटलं. हिचा किल्ला याही वर्षी आमच्या पोटापायीच हुकत होता.

"पिठल्याचं नाव काढू नको," विजू म्हणाला. "तू जाय वं. आम्ही इथंच आहो."

ती थोडा वेळ घुटमळली. मागचे लोक कुरकुरायला लागले. मग तिने कार्ड पुन्हा काढलं, जवानाला दाखवलं आणि आत गेली. आम्ही हात हलवत राहिलो, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

कडुनिंबाखाली बसून आम्ही उसाचा रस प्यायलो आणि तिचे गुडघे, ऊन, चढण यांची काळजी करत राहिलो. विजूने माझा कांदा सोलून खाल्ला. बऱ्याच वेळाने ताई आली. चेहरा लाल झाला होता आणि आमच्याकडे लक्षच नव्हतं.

दुपारी सावजी भोजनालयात गेलो. काळ्या मसाल्याचं मटण इतकं जहाल, की मी पहिल्याच घासाला पाण्याचा तांब्या जवळ ओढला. ताईच्याही नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती बोलायची थांबेना. रश्श्याची वाटी म्हणजे मोठी टेकडी, अर्धं लिंबू म्हणजे लहान टेकडी. भोसल्यांच्या फौजेने लहान टेकडी घेऊन मोठीवर कसा मारा केला आणि तरी इंग्रजच कसे जिंकले, हे तिने ताटात मांडून दाखवलं. वरून सगळं नागपूर दिसतं म्हणाली.

"तोफ केवढी आहे गा?" विजूने मला चिडवत विचारलं.

"त्याले काय विचारतं? मले विचार," ताई म्हणाली. सांगता सांगता तिने माझ्या ताटातली पोळी कधी संपवली ते मला कळलं नाही.

संध्याकाळी मी स्टेशनवर जायला पिशवी भरत होतो, तेव्हा ताईला हैदराबादहून तिच्या लेकीचा, म्हणजे माझ्या भाचीचा फोन आला. मामांनी किल्ला दाखवला का, असं तिने विचारलं असावं.

"मामा बाहेर होते," ताई म्हणाली. "मी एकटीच गेली होती." मग पुन्हा म्हणाली, "एकटीच."

किल्ला न पाहता परत निघालो होतो, पण मन भरून आलं होतं. पलीकडून भाचीने बहुधा सुट्टीत तिला हैदराबादला न्यायला कोणाला पाठवू, असं विचारलं.

"काहून? कोणाले कशाले पाठवतं?" ताई म्हणाली. "माझं तिकीट काढ. मी येते ना."