सातवाला नको, बाबा

आमच्या घरात वस्तू निवडायचा मान यांचा. मिक्सर यांनी निवडला, फ्रिज यांनी निवडला, अहो, माझा पोळ्यांचा तवासुद्धा दुकानात उभं राहून टिचक्या मारून यांनीच निवडला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हे ग्राइंडिंग मशीनवर होते, निवृत्त होईपर्यंत. लोखंडातलं कळतं म्हणजे सगळंच कळतं, अशी यांची समजूत. आणि नियम एकच, घ्यायचं तर वरचंच घ्यायचं. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली की मला डेस्कटॉप घ्यायचाय आणि त्यातला एकेक पार्ट मी निवडणार, तेव्हा कांजूरमार्गच्या आमच्या दोन खोल्यांत काय राडा होणार हे मला दिसलंच.

लेकीचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंधेरीच्या एका ऑफिसात ती घरांची चित्रं करायची. म्हणजे फ्लॅट अजून रिकामा असतो, नुसत्या भिंती, आणि ही कॉम्प्युटरवर त्यात सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन असं सगळं भरून दाखवते. बघणाऱ्याला वाटावं फोटोच आहे. नाव मात्र साहेबाचं. तिचं हे काम एका आर्किटेक्ट बाईंच्या डोळ्यात भरलं. त्या म्हणाल्या, एका फ्लॅटची फिल्म करून दे, दारातून आत शिरून सगळं घर फिरून दाखवणारी. घरून कर, स्वतःच्या नावाने कर, दोन आठवड्यांनी सोमवारी दे. आवडली तर अख्ख्या बिल्डिंगचं काम तुझं.

ऑफिसच्या मशीनवर बाहेरचं काम करणं तिला पटत नव्हतं, आणि घरातला जुना लॅपटॉप तर साधं चित्र उघडायलाही कण्हायचा. तेव्हा नवीन मशीन हवंच होतं, आणि तिच्या साठवलेल्या पगारातूनच. सोमवारी ती फिल्म गेली तर तिचं स्वतःचं काम सुरू. नाही गेली तर पुन्हा तीच अंधेरी आणि तोच साहेब.

यांनी लगेच फर्मान काढलं. सातवाला प्रोसेसर घ्यायचा. प्रोसेसर म्हणजे काय हे यांना तेव्हा धड माहीत नव्हतं, पण बोरिवलीच्या माझ्या दिरांच्या लॅपटॉपवर सात आकडा असलेलं स्टिकर आहे आणि भाऊजी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, एवढं माहीत होतं. तो प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत तीन, पाच, सात, नऊ असे आकडे असतात म्हणे. नऊवालाही असतो, पण तो भाऊजींकडे नव्हता, म्हणून तो आमच्या हिशेबात नव्हता.

लेक शांत. ती माझ्यासारखी नाही, मी एव्हाना भांडं आपटलं असतं. तिने यांना समोर बसवलं आणि सांगितलं, सातवाला नको, बाबा. नुसता सात म्हणून चालत नाही. कुठल्या पिढीचा सात, लॅपटॉपचा की डेस्कटॉपचा, आत कोअर किती, ते बघावं लागतं. कोअर म्हणजे काम करणारे हात. माझं काम एकाच हाताने भराभर करायचं नाही, ते वाटून करायचं आहे. लग्नघरात एक बाई कितीही चपळ असली तरी सगळ्यांच्या पुऱ्या एकटी लाटेल का? तिथे चार जास्तीच्या बायका बसलेल्या बऱ्या. ती म्हणत होती तो दुसऱ्या कंपनीचा, आधीच्या पिढीचा प्रोसेसर होता. त्यात हात जास्त होते, किंमत कमी होती, पंखाही डब्यातच मिळत होता आणि त्याला मदरबोर्डही साधा चालत होता. वाचलेल्या पैशात रॅम दुप्पट येत होती.

हे म्हणाले, "आधीच्या पिढीचा? म्हणजे शिळा?"

बाई गं, तो एक शब्द. आठवडाभर घरात शिळा प्रोसेसर, शिळा प्रोसेसर. जेवताना तेच, चहा पिताना तेच. मी एकदा चिडून म्हटलं, कालची आमटी आज जास्त मुरते म्हणून मागून मागून पिता, तेव्हा नाही शिळी होत? त्यावर यांनी पेपर तोंडासमोर धरला.

घाटकोपरच्या दुकानात आम्ही तिघंही गेलो. दुकानदार यांच्याशीच बोलत होता, पैसे यांच्याच खिशात असणार असं धरून. सातवाला कसा मस्त, कसा लोक डोळे मिटून घेतात, वगैरे. हेही माना डोलवत होते. लेकीने मध्येच विचारलं की दोन्हींवर सारखंच चित्र बनवायला दिलं तर कुणाला किती वेळ लागतो, ते सांगा. तो म्हणाला, मॅडम, सातवाला फास्ट असतो. तिने पुन्हा विचारलं, कशात फास्ट? गेममध्ये की रेंडरमध्ये? रेंडर म्हणजे तिची ती चित्रं मशीनने शिजवून पुरी करणं. तो यांच्याकडे बघायला लागला. मग तिने आपल्या मोबाइलवर काढून ठेवलेले आकडे त्याच्यापुढे धरले. त्याने वाचले, हसला, आणि आतून तिने सांगितलेला डबा आणला. माझी छाती अशी काही फुगली की काय सांगू. चौथीत पाढे म्हणताना रडणारी माझी पोर ती.

जोडणी दुकानात करून घ्या, असं दुकानदार म्हणत होता. पण मी असताना बाहेरचा फिटर कशाला, असं म्हणून यांनी सगळे डबे घरी आणले. शनिवारी सकाळी पलंगावर धुतलेली चादर अंथरली, चश्मा लावला, बाह्या सरसावल्या. लेक मोबाइलवर बघून सांगायची, हे करायचे. खरं सांगते, दोघं मिळून काम करताना इतकी छान दिसत होती की माझी आमटी करपली. प्रोसेसर तिने स्वतः बसवला, इवलासा चौकोन, नखाने उचलावा तसा उचलून. मग तिला फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली. परत आली तेव्हा पंखा यांच्या हातात तयार होता. हे म्हणाले, मी धरतो, तू स्क्रू लाव. तिने लावले.

दुपारी मशीन सुरू झालं. आवाज नाही, काही नाही, झकास. तिने जुन्या लॅपटॉपवर कण्हत कण्हत रचलेला फ्लॅट उघडला, इकडून तिकडे फिरवला. मग खरं काम लावलं, ते चित्रं शिजवायचं. आणि थोड्याच वेळात सगळं मंदावलं, पंखा घोंगावायला लागला आणि पडदा काळा. फट्कन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. साधं काम दिलं की नीट चालायचं, रेंडर लावलं की आडवं. तिने बघितलं तर प्रोसेसर भट्टीसारखा तापत होता.

वाट लागली म्हणतात ती अशी. हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "सांगत होतो, सातवाला घे."

लेक खुर्चीत बसून त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मला म्हणाली, आई, माझंच चुकलं का गं? सगळं वाचलं होतं मी. त्या क्षणी मला यांचा असा राग आला, असा राग आला की विचारू नका. माणसाने बरोबर ठरावं, पण वेळ बघून ठरावं ना. त्यात यांनी भाऊजींना फोन करून सगळं सांगूनही टाकलं. भाऊजी म्हणाले, उद्या येतोच जेवायला, बघतो.

रविवारी सकाळी हे बाजारात गेले, भावासाठी सुरमई आणायला. लेकीने तेवढ्यात मशीन पुन्हा उघडलं. मी टॉर्च धरून उभी. तिने पंख्याचे स्क्रू काढले, पंखा उचलून उलटा केला आणि बघतच राहिली. खालचा भाग आरशासारखा लखलखत होता. माझं तोंड दिसत होतं त्यात.

तिने विचारलं, "आई, इथे करड्या रंगाची पेस्ट होती. कुणी पुसली?"

मला विचारायची गरजच नव्हती. बाथरूममध्ये यांच्या जुन्या बनियनचा बोळा पडला होता, करडे डाग पडलेला आणि रॉकेलचा वास मारणारा. काल कपडे धुताना मी तो बघितला होता, आणि म्हटलं असेल काहीतरी. कारखान्यात नवीन पार्ट यायचा तेव्हा त्याला गंज लागू नये म्हणून ग्रीस फासलेलं असायचं. ते रॉकेलने धुवून, फडक्याने लख्ख पुसून मगच पार्ट बसवायचा. सगळी हयात यांनी तेच केलं, आणि इथेही कंपनीने पुसायचं राहिलेलं ग्रीस म्हणून नेमकं तेच केलं. लेकीने मला सांगितलं की ती पेस्टच प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत पोचवते. ती नसली तर वरून कितीही वारा घाला, खालचा तापतच राहतो.

मी पदर खोचला. येऊ देत म्हटलं घरी, आज बघतेच. शिळा काय, सातवाला काय, सगळं बाहेर काढते. लेकीने माझा हात धरला. म्हणाली, "आई, बाबांना सांगू नकोस. काकांसमोर तर नाहीच."

मी तिच्याकडे बघितलं. रात्रभर स्वतःला दोष देत बसलेली ती पोर, आणि आता तिला काळजी कुणाची, तर बापाच्या मानाची. ती खाली जाऊन, दोन दुकानं पालथी घालून, पेस्टची छोटी नळी घेऊन आली. प्रोसेसरवर वाटाण्याएवढा ठिपका ठेवला आणि पंखा बसवायला घेतला. तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. हे पिशवी घेऊन उभे होते. तिच्या हातातली नळी बघितली, पलंगावरचे सुटे स्क्रू बघितले. ती म्हणाली, वायर सैल होती बाबा, बसवतेय. यांनी सुरमई माझ्या हातात दिली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मशीन लावलं. रेंडर लावलं. चाललं. तापमान वर गेलं आणि एका जागी थांबलं, पुढे हललंच नाही. मी स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी येऊन बघत होते, तळणीचा झारा हातात घेऊनच. एकामागून एक चित्र बाहेर पडत होतं. हॉल, त्यात पडदे, मग त्या पडद्यांतून फरशीवर उतरलेलं ऊन.

भाऊजी जेवायला आले ते विषय घेऊनच. पहिला घास तोंडात आणि म्हणाले, दादा, पोरींच्या हातात दिलं की असं होतं, आता तरी ते मशीन बदलून सातवाला घे. लेकीने ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, "काका, झालं नीट. एक वायर सैल होती."

यांचा हात भातात तसाच थांबला. भावाशी बोलताना हे नेहमी मालवणीतच बोलतात, तसेच बोलले. "वायर सैल नव्हती. मशीन बरी आसा. पोरीन निवडलेला बरोबर होता. फिटर येडो होतो."

भाऊजींना कळेना, म्हणाले, कोण फिटर? तुम्ही बाहेरचा माणूस बोलावलात? तेव्हा हे म्हणाले, "मी. मी फिटर. बसवायच्या आधी मी रॉकेलान पुसलंय."

आणि मग त्या ताटावर बसून यांनी सगळं सांगितलं. ग्रीस समजून कसं पुसलं, पुसताना कसं समाधान वाटलं, आणि पिशवी घेऊन दारात उभं असताना लेकीच्या हातातली नळी बघून कसं लख्ख कळलं. सगळ्या संसारात मी यांच्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे शब्द ऐकले नव्हते. त्या दिवशी धाकट्या भावासमोर ऐकले. लेकीच्या डोळ्यांतून टपकन पाणी ताटात पडलं. मी हिला वाढ, यांना वाढ करत उठले. मला दोघांचाही इतका अभिमान वाटत होता की कुणाकडे आधी बघू तेच कळेना.

फिल्म सोमवारी गेली. आर्किटेक्ट बाईंचा फोन संध्याकाळी आला. बिल्डिंगचं काम हिचंच, आणि फिल्मवर नावही हिचंच. फोन ठेवून ती यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आनंद होताच, पण लागलेली नोकरी सोडायची म्हणजे आमच्या घरात कधी न झालेली गोष्ट. म्हणाली, बाबा, राजीनामा देऊ ना? तुम्ही सांगाल तसं.

हे टीव्ही बंद करून तिच्याकडे वळले. म्हणाले, "मला काय विचारतेस? तूच निवड."