झिऱ्याचा तळ

आमचा चाकूरकडचा भाग उस्मानाबादेतून निघून लातूर हा नवा जिल्हा झाला, त्या सुमाराची गोष्ट. पावसानं दगा दिलेला, गावच्या विहिरीत नुसता गाळ. आणि माझ्या आठ महिन्यांच्या लेकीला दोन दिवस जुलाब. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, पाणी उकळून थोडं थोडं पाजत राहा. पाजायला आधी पाणी पाहिजे ना!

पाणी होतं ते ओढ्यात, वाळूखाली. प्रत्येक घराचा झिरा ठरलेला. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला हातभर खड्डा. त्यात पाझरलेलं पाणी करवंटीनं घागरीत भरायचं. अर्धी सकाळ त्यातच जायची. सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पिवळी माती लागली की हात वर. तिला खुरपं लावायचं न्हाई."

मी लावलं. खोटं कशाला सांगू? लेक घरी त्यांच्यापाशी, तिचे ओठ सुकलेले, इकडं करवंटी बुडेना. वाटलं, खाली आणखी असेल. वीतभर खणलं आणि होतं नव्हतं तेवढं पाणी डोळ्यांदेखत खाली गेलं. खाली सगळा मुरूम! पाणी धरून ठेवणारा पिवळ्या मातीचा थर मीच फोडला होता.

शेजारच्या झिऱ्यावरची बाई म्हणाली, "काय गं, नव्या कलेक्टराला तळ दाखवायलीस का?" सगळ्या हसल्या. मला रडू फुटलं तशी ती उठली, खड्ड्यात वाकून बघितलं आणि तिचं हसू गेलं. "सासूला बोलव. पळ!"

आत्याबाई लेकीला घेऊनच आल्या. चारचौघींत माझा उद्धार करतील असं वाटलं. पण त्यांनी लेक माझ्याकडं दिली, पदर खोचला आणि काठावरची पिवळी माती गोळा केली. कालवायला पाणी कुठलं? शेजारणीच्या घागरीत जेमतेम तांब्याभर साठलं होतं, तेवढं तिनं पुढं केलं.

मी म्हणाले, "आत्याबाई, ते लेकीला द्या की!"

"आज देशील. उद्याला काय पाजशील?"

आणि ओतलं मातीत. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, इतका राग आला. त्यांनी माती तुडवली, तळाला थापली, मुठीनं ठोकली. मग बसलो. उन्हात, लेकीवर पदर धरून. पोरगी रडायचीही थांबली, त्यानं जास्त भ्यायले.

दुपार कलता तळ ओलसर झाला. मग बोटभर गढूळ पाणी. फडक्यानं गाळलं, घरी उकळलं, निवलं तसं चमच्यानं पाजत राहिले. लेकीनं घेतलं, पण सकाळपासून तिनं दुपटं ओलं केलं नव्हतं, मी सारखी हात लावून बघायची.

दिवस मावळता माझी मांडी गरम झाली. मी ओरडलेच, "आत्याबाई, शू झाली! झाली!"

"झाली तर झाली. लुगडं धुवायला पाणी मागू नको म्हंजे झालं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या.