गिरणीच्या दारावरची यादी

"चाल कुणाची? आधी चाल कुणाची ते सांगा, मग कौतुक करा!"

आमच्या ओतूरच्या गिरणीत गिरणीवाले आप्पा ओरडत होते. पट्टा, मोटार आणि दळणाला आलेल्या बायका, या तिघांच्याही वर त्यांचा आवाज. त्या आवाजाने मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गोणी दचकून एका अंगाला सरकायच्या, हे मी शपथेवर सांगतो. तुम्ही तिथे असता, तर तुम्हीही सांगितलं असतं.

आप्पांचा धंदा पिठाचा, नाद नव्या गाण्यांचा. नवा अल्बम निघाला की मोबाइलवर लावायचा आणि चालू गिरणीच्या घरघरीत ऐकायचा. "एवढ्यातनं कानाला पोचतंय ते गाणं. बाकी कोंडा," असं म्हणत. जून उजाडला की गिरणीच्या पत्र्याच्या दारावर खडूने यादी लागे: 'या वर्षाचे नवे अल्बम, आतापर्यंत'. पाचच. प्रत्येकापुढे गाणाऱ्याचं नाव आणि चाल कुणाची ते. यादी वाचायला एसट्या वळसा घालून येत.

भीमगीतं असोत, गवळणी असोत, की कुणा बँडवाल्याने काढलेला नुसत्या क्लॅरोनेटचा अल्बम असो, आप्पांना प्रत्येक चाल चोरीची वाटे. एक गायक पेढे घेऊन आला. "पेढं असू द्या पावणं. अंतरा कुठनं उचलला?" बिचारा पेढे तिथेच टाकून निघाला, तो नाणेघाट उतरूनच थांबला म्हणतात.

आता त्या गिरणीत दुसरे बसतात, दारही रंगवलंय. पण आप्पांची ती शेवटची यादी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या वर्षी त्यांच्या लेकीचा अल्बम निघाला होता. निमगाव सावाला दिलेली लेक, बुद्ध-भीमगीतांची आठ गाणी. ती सगळ्यांना सांगून बसली होती, "आप्पांच्या यादीत आलं तर म्होरं गाईन. न्हाईतर हे शेवटचं."

यादी लागली. एक, दोन, चार, पाच. तीन नंबर कोरा!

गावाला संशय, की लेकीसाठी जागा धरली. आप्पांना संशय भलताच. "तिच्या चौथ्या गान्याची चाल मी ऐकलेली हाय राव. कुठं, ते आठवंना." पंधरा दिवस त्यांनी जुन्या कॅसेटी उपसल्या, भजनी मंडळं फोन करून पिडली. शेवटी माझ्याकडेच वळले. "भाऊ, तुमी तर न्हाई दिली तिला?"

मी! माझी आरती सुरू झाली की देव कूस बदलतात.

सोळाव्या दिवशी लेकच गिरणीत उभी राहिली.

"आप्पा, तीन नंबर मोकळा का?"

"चौथं गानं कुणाचं उचललंस?"

"तुमचं."



"माझं? मी कधी गायलो?"

"दळायच्या दगडाला टाकी लावताना. गिरणी बंद असायची, तुमी छिन्नी मारत बसायचा आन् गुणगुणायचा. मी ल्हान व्हते, पोत्यावर निजायचे. तुमाला ठावंच न्हाई तुमी काय गुणगुणताय ते."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. खोटं बोलतेय का, हे बघत असावेत. मग कुणाची तरी बाजरी निम्मी दळून झालेली असताना त्यांनी खटका पाडला. पट्टा फडफडत थांबला. मोबाइल काढून चौथं गाणं लावलं. घरघरीशिवाय नवं गाणं ऐकताना मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं. डाव्या हाताची बोटं मांडीवर पडत होती, छिन्नीच्या ठोक्याने.

गाणं संपल्यावर उठले, खडू घेतला, तीन नंबरपुढे लेकीचं नाव लिहिलं.  चालीपुढे लिहिलं, 'घरची'.

लेक बाहेर पायरीवर जाऊन बसली. पदर डोळ्याला होता, पण पीठ उडालं असेल.

मला काही राहवेना. मी आप्पांच्या कानाशी जाऊन विचारलं, "काय आप्पा, लेक म्हणून वशिला लावला ना?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "वशिला असता तर पयल्या नंबरला लावली असती. तिचं दुसरं गानं पडलंय."