वरचं कोर्ट शिकायला जातं

गल्लीत तिला सगळे 'वरचं कोर्ट' म्हणत. एक तर ती दुसऱ्या मजल्यावर राहायची, आणि दुसरं म्हणजे घरोघरच्या भांडणांचा शेवटचा निकाल तिच्याच स्वयंपाकघरात लागायचा. कुणी मागो न मागो, सल्ला तिच्या जिभेच्या टोकावर तयार असे. वय एकोणपन्नास, आवाज खणखणीत, आणि आपलं चुकू शकतं ही शंका आयुष्यात एकदाही शिवलेली नाही. अशी माणसं सुखी असतात. त्यांच्या शेजाऱ्यांचं मात्र विचारू नये.

नोकरी एका वकीलबाईंच्या ऑफिसात, दारातल्या टेबलावर. पक्षकाराचं नाव लिहून घ्यायचं, पाणी द्यायचं आणि आत सोडायचं, एवढंच काम. पण तो पेला रिकामा करेपर्यंत ही त्याचा खटला निकालात काढायची. भावाशी कसले भांडताय, भिंत दोघांची म्हणून टाका आणि मोकळे व्हा, असं ऐकून माणसं समाधानाने परस्पर घरी जात. एका महिन्यात असे चार पक्षकार गेले, तेव्हा वकीलबाईंनी तिला आत बोलावून घेतलं. वकील-सहायकाचा सहा महिन्यांचा कोर्स करा म्हणाल्या. पास झालात तर आतलं टेबल तुमचं, नाही झालात तर दारातलंही नाही.

वर्ग एका झेरॉक्सच्या दुकानावर भरायचा. खालचं यंत्र सुरू झालं की बाकं थरथरत. बाकीची मुलं-मुली बाविशी-तेविशीतली. फायलीच्या पानांना आकडे घालणं, कागदपत्रांची यादी, घटनांचं तारीखवार टिपण, यात तिने सगळ्यांना मागे टाकलं. शिवाय शेजारी बसणाऱ्या मुलीला लग्न कधी करावं तेही सांगून झालं. घोडं अडलं ते पहिल्याच नियमापाशी. सहायकाने सल्ला द्यायचा नाही, तो वकिलाचा अधिकार. आपण विचारायचं, ऐकायचं, लिहायचं, वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. शिकवणाऱ्या बाई कोर्टातून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, हातात कायम लाल पेन.

पास व्हायचं तर खऱ्या माणसाची खरी तक्रार तीन पानं लिहून आणायची, स्वतःचं एक अक्षर न घालता. तिची तीन टिपणं परत आली. पहिलं मावसबहिणीचं, सासूविरुद्धचं. त्यात चौथ्याच ओळीत 'वास्तविक चूक हिचीच आहे' असं होतं. दुसरं शिंप्याचं, त्याखाली हिने निकाल लिहून तारीखही टाकली होती. तिसऱ्यात खरोखरच सल्ला नव्हता, पण शेजाऱ्याने सही करताना वर लिहिलं, 'बाईंनी समजावल्याप्रमाणे वागेन.' लालपेनबाई म्हणाल्या, आता शेवटची संधी. शनिवारी आणा, नाहीतर नाव कमी करते.

गल्लीत कुणी तयार होईना. लोक यायचे ते निकाल ऐकायला; नुसतं लिहून घेणारं कोर्ट घेऊन काय करायचंय? नवऱ्याला विचारलं, तर त्याने पेपरमागून कळवलं की आपली कशाबद्दलच तक्रार नाही. तीस वर्षांच्या संसारात गडी तेवढं शिकला होता.

शुक्रवारी संध्याकाळी तिची मुलगी रिकामे डबे परत द्यायला आली. घर दोन चौकांपलीकडे, पण यायची महिन्यातून एकदा, आणि बसायची ती उठायच्या बेतात. आई रडकुंडीला आलेली पाहून तिने कारण विचारलं, आणि ऐकून म्हणाली, "मी देते तक्रार."

"कुणाविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध."

वरच्या कोर्टाने पेन उघडलं. दुसरा इलाजच नव्हता.

मुलीने सांगायला घेतलं. पाच वर्षांपूर्वी तिला परगावी नोकरी लागली होती, इमारतींचे नकाशे काढायची. आईने ती घेऊ दिली नाही. आईकडे यावर सात उत्तरं होती, सातही बिनतोड. तिने पेनचं टोपण दातांत धरलं आणि फक्त तारीख विचारली. त्या प्रसंगी कोण हजर होतं?

"बाबा. पेपर वाचत होते."

पेपरमागून खोकला ऐकू आला. तोही तिने लिहिला, मग नियम आठवून खोडला. पुढे काय झालं, हे तिने मुलीला जन्मात पहिल्यांदाच विचारलं असेल. मुलगी तासभर बोलली. बॅग भरून ठेवली होती म्हणाली. नोकरीचं पत्र अजून जपून ठेवलंय. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती एकेक वाक्य लिहून घेत गेली.

मग तिने वाचून दाखवलं. "'आईने न जाण्याचा सल्ला दिला, म्हणून नोकरी नाकारली.' बरोबर?"

"नाही. मला जायचंय का, हे तू विचारलंच नाहीस."

आईने 'न जाण्याचा सल्ला दिला' खोडलं आणि वर लिहिलं, 'विचारलं नाही.' मग म्हणाली, "जायचं होतं तुला?"

"हो."

तेही लिहिलं.

शनिवारी लालपेनबाईंनी ती तीन पानं दोनदा तपासली आणि एकही खूण न करता पेनाला टोपण लावलं. पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी मुलीने सही केली, तेव्हा आईने खाडाखोडीवर बोट ठेवलं. "इथे पण छोटी सही लागते. नियम आहे."

मुलीने केली. उठली मात्र नाही. पाय वर घेऊन नीट बसली आणि म्हणाली, "परत एकदा वाच."