आप्पांनी घातलेला जोड

भागूजी आप्पा रणपिसे यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त शिरूर-दौंडच्या आम्हा ड्रायव्हर-मिस्त्री मंडळींनी हा गौरव अंक काढायचं ठरवलं आणि एक लेख माझ्या गळ्यात पडला. "तुम्ही आप्पांच्या सर्वांत जवळचे," असं संपादक म्हणाले. मी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा नाही म्हणायला तोंड उरलं नाही. जवळचा होतो हे खरं आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहिणं मला जड जात आहे.

आप्पांची नि माझी पहिली भेट दुष्काळाच्या आदल्या वर्षी झाली. निमोण्याच्या एका बागाईतदारांची जीप मी चालवत होतो. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. माझं वय सव्वीस होतं आणि डोक्यात भरपूर हवा होती. जीपमध्ये माणसं कोंबून कोंबून मागचे कमानपाटे बसले होते, म्हणून स्प्रिंगला एक पाटा वाढवून घ्यायला मी शिरूरला नगर रस्त्यावरच्या आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. आप्पांनी गाडीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पाटा वाढवून दीन. पर ब्रेक कोन वाढवून दील? तुझा बा?"

मी तणतणत निघून गेलो. दोन दिवसांनी ब्रेक लागेनात तेव्हा मुकाट्याने परत आलो. आप्पांनी ब्रेक नीट करून दिले, पाटा मात्र वाढवला नाही. त्यानंतर सवड मिळाली की मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागलो. मला गाडीतलं जे काही कळतं ते सगळं तिथलं आहे. आज शिरूरपासून दौंडपर्यंतचा कुठलाही ड्रायव्हर माल भरताना चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हाताची बोटं आडवी घालून बघतो आणि चार बोटं जागा उरली की माल थांबवतो. ही रीत आप्पांनी घालून दिली हे नव्या पोरांना ठाऊकही नसेल.

पुढे दादांनी मुंबईला लिलावात एक परदेशी गाडी घेतली. लांबलचक, मागे सामानाला ऐसपैस जागा. तिची एक गंमत होती. मागे वजन टाकलं की इतर गाड्यांसारखीच तीही बसायची. पण इंजिन चालू असेल तर थोड्या वेळाने, म्हैस उठते तशी, मागून हळूहळू उठायची आणि पुन्हा सरळ व्हायची. निमोण्यात दोन-तीन दिवस लोक आळीपाळीने तिच्या मागच्या भागात बसून हे बघत होते.

आप्पा एक अख्खा दिवस त्या गाडीखाली पडून राहिले. पुस्तक नाही, कुणी सांगणारा नाही. संध्याकाळी बाहेर आले ते कपडे न झटकताच मातीत काडीने चित्र काढायला बसले. इंजिनावर तेलाचा एक पंप. मागच्या आसाला जोडलेली एक दांडी. वजनाने गाडी खाली गेली की ती दांडी कलते, झडप उघडते, पंपाचं तेल दाबाने मागच्या दोन नळकांड्यांत शिरतं आणि गाडी उचलली जाते. माल उतरवला की झडप उलटी फिरते आणि तेल टाकीत परत येतं. प्रत्येक खड्ड्याला गाडी नाचू नये म्हणून झडप सावकाश चालते. सांगताना आप्पांचा चेहरा इतका खुलला होता, की तसा तो मी आधी पाहिला नव्हता. मग ते गंभीर झाले.

"पर एक ध्यानात ठेव. गाडी वर आली म्हंजी वजन कमी झालं न्हाई. टायरला तेवढंच हाय, ब्रेकला तेवढंच हाय, त्या पायपाला तर जास्तीच हाय. हिनं नुसती लाज झाकलीया."

"मग चार बोटं कशी बघायची, आप्पा?"

"इंजन बंद ठेवून भरायचं. चार बोटं ऱ्हायली की थांबायचं, आन् मगच इंजन चालू करायचं. कळलं का?"

मला कळलं होतं. हे इथे मुद्दाम लिहितो.

वर्षभराने मागच्या उजव्या बाजूचा तेलाचा पाइप गळायला लागला. तो परदेशातून यायला कित्येक महिने लागले असते. आप्पांनी सडका तुकडा कापला, ट्रॅक्टरच्या पाइपाचा तुकडा घेतला आणि पितळेची झाळ मारून जोड घातला. "येवढ्या दाबाला टिकंल का?" असं दादांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "पाइप फुटंल, जोड न्हाई सुटायचा." आपल्या कामाबद्दल आप्पांना एवढं छातीठोक बोलताना मी त्या एकाच वेळी ऐकलं.

त्यानंतर महिनाभरात दादांच्या नव्या घरासाठी शहाबादी फरशी रेल्वेने दौंडला आली. मी रोज एक खेप करत होतो आणि मोजदाद माझ्याच हातात होती. त्या दिवशी मालधक्क्यावरच्या हमालांना मी गाडीची करामत दाखवायला गेलो. इंजिन चालूच ठेवलं. ते चार फरश्या टाकायचे, गाडी बसायची, मग उठायची. सगळे हसायचे. "आन् टाका, हिला काय व्हतंय!" असं मीच ओरडत होतो. चार बोटं कधी आलीच नाहीत. येणार कशी? दोन खेपांचा माल मी एका खेपेत भरला आणि बघणाऱ्यांना हात हलवून निघालो.

न्हावऱ्याच्या अलीकडच्या उतारावर मागे काहीतरी फुटलं. गाडीचं बूड धाडकन खाली आलं, टायर घासून फाटला आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. फरशीचा चुरा झाला. दादा धावत आले. त्यांनी आधी माझी चौकशी केली, मग विचारलं, "माल किती व्हता?"

"नेहमीचाच," मी म्हणालो.

फुटलेली फरशी कोण मोजतो? दादांनी गाडीखालचं तेल पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी त्या मिस्त्र्याचा जोड." मी गप्प राहिलो. गाडी तशीच ट्रकवर घालून पुण्याला गेली. आप्पांना ती बघायलाही मिळाली नाही.

चौथ्या दिवशी आप्पा मला भेटायला आले. खाटेशेजारी उकिडवे बसले. "माझी झाळ सुटली. माझ्या हातानं तुझा जीव जात व्हता, लेका. माफ कर." पन्नाशीकडे झुकलेला माणूस माझी माफी मागत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. आधी नोकरीची भीती होती. नंतर नोकरी गेली, भीतीही गेली, पण तोवर सांगायला उशीर झाला असं वाटायला लागलं. उशीर रोज वाढतच गेला.

पुढचं आपणा सर्वांना माहीत आहे, फक्त त्याचं कारण माहीत नाही. आप्पांनी शिरूरची शेड बंद केली. दौंडला ते दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला लागले आणि फक्त कमानपाटे बसवू लागले. ट्रॅक्टरवाले पाइप घेऊन आले की म्हणायचे, "त्ये काम मला जमत न्हाई." 'आप्पांनी हात का आखडता घेतला?' असं याच अंकात दोघांनी विचारलं आहे. मी बेकार झालो तेव्हा माझ्यासाठी दौंडला शब्द टाकून मला टेम्पोवर लावलं तेही आप्पांनीच. मालकाला म्हणाले होते, "पोरगा इमानी हाय."

आप्पा, त्या दिवशी लोक जमायच्या आत मी चारीत उतरून गाडीखाली वाकून पाहिलं होतं. तुमचा जोड जसाच्या तसा होता. पितळेला तडासुद्धा गेला नव्हता. फुटला होता तो त्याच्या पुढे वीतभर अंतरावरचा मूळचा, परदेशी पाइप, आणि तोही मी भरलेल्या फरशीच्या वजनाने. तुमची झाळ सुटली नव्हती. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं होतं. हे मी त्याच दिवशी सांगितलं असतं तर तुमची शेड आज शिरूरला असती.

आपणा सर्वांच्या वतीने आप्पांना निरोगी, उदंड आयुष्य चिंतितो. माझं मागणं थोडं वेगळं आहे. आप्पा, हे वाचून तुम्हाला माझा राग येईल, यायलाच हवा. तो मनसोक्त करून संपेल एवढी वर्षं तुम्हाला मिळोत, आणि त्यानंतर पितळ हातात घ्यायला आणखी पुष्कळ उरोत.